कॅमेऱ्यात फक्त हात

गुरुवारी दुपारी साडेचार ते साडेपाच आमच्या घरात कुकर लावायचा नाही, मिक्सर फिरवायचा नाही, कूलर बंद, आणि काकांना शिंक आलीच तर त्यांनी मागच्या अंगणात जाऊन शिंकायचं, असा मावशीचा हुकूम होता. त्या वेळी चीनमध्ये सात वाजलेले असत. तिथल्या समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात, भाजीबाजाराच्या वरच्या मजल्यावर, अकरा माणसं दिवसभराचं काम उरकून एका कॉम्प्युटरसमोर बाकांवर येऊन बसलेली असत. मावशी त्यांना इंग्रजी शिकवायची. पुस्तकातून नाही, घरातल्या गोष्टी सांगून. 'आमच्या घरात' असं मी आता सहज लिहून जाते. तेव्हा मनातल्या मनातसुद्धा 'मावशीच्या घरात' म्हणायचे. कुठल्याही दिवशी आपल्याला परत पाठवतील अशी माझी खात्री होती, आणि त्याला कारणही तसंच होतं.

ते कारण आधीच सांगून टाकते. गोष्टीतली मेख शेवटपर्यंत लपवून ठेवणारा माणूस स्वतःच घाबरलेला असतो, असं मावशी म्हणायची. मावशी म्हणजे माझ्या आईची मामेबहीण. तिचे वडील गिरणीत कारकून म्हणून इंदूरला आले आणि तिथलेच झाले. मावशीचा जन्म तिथला, शाळा तिथली, नोकरीही तिथलीच. मुलींच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून ती निवृत्त झाली होती. आम्ही मात्र मालवणकडचे. एका लग्नासाठी मावशी कोकणात आली तेव्हा तिने आईचे हात पाहिले. वडील गेल्यापासून आई काजूच्या कारखान्यात जायची आणि काजूच्या चिकाने तिच्या बोटांची सालं निघालेली असायची. मावशी एकदम म्हणाली, "वैजूची दहावी झाली असेल तर दे माझ्याकडे. अकरावीला घालते. आमचा पण मुलगा गेला बंगलोरला, घर भोत रिकामं वाटतं." मी शेजारच्याच पंगतीत सोलकढी वाढत होते. आई म्हणाली, "झाली हा की तिची दहावी." माझी सोलकढी एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या धोतरावर सांडली. नववी अर्धवट सोडून मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. धाकट्या दोघा भावांचं जेवणखाण मी बघायचे. घरी परतताना मी आईला काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "तू कायएक बोला नको. थंय गेल्यावर शिकशीत, ताच खरा."

असं ते खोटं आईचं होतं, पण ते घेऊन प्रवास मी केला. दोन गाड्या बदलून. पिशवीत दोन ड्रेस, आमसुलांची पुरचुंडी आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली विळी. टोकाला खोबरं खवायचं दातेरी चाक असलेली, पाय दुमडून बसायची आमच्याकडची विळी. ती बघून मी आईला म्हटलं होतं, मावशीकडे विळी नसेल काय? आई म्हणाली, "असात. पण ही तुझी." विळीच्या पाटाखाली, त्याच लुगड्याच्या घडीत, मी माझा शाळा सोडल्याचा दाखला दडवला होता. का बरोबर घेतला ते सांगता येत नाही. फाडून टाकायचा धीर झाला नाही आणि घरी ठेवला तर भाऊ त्याची होडी करतील, एवढंच वाटलं असेल.

इंदूरचं ते घर म्हणजे तीन खोल्या आणि एक लांबट अंगण. सकाळी सगळ्यात आधी ऐकू यायची ती काकांच्या चपलांची फटफट. रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले काका रोज सहाला उठून कोपऱ्यावरून जिलेबी आणायचे आणि तोवर मावशी पोहे करायची. आता सकाळी कचऱ्याची गाडी गाणं लावत येते आणि तिच्याआधी कोणी उठत नाही, तेव्हा गल्ली काकांच्या चपलांवर जागी व्हायची. पहिल्या दिवशी माझ्या पोह्यांवर त्यांनी मूठभर शेव घातली, वरून जिरावण नावाचा मसाला भुरभुरला, आणि मी नुसती बघत राहिले. "खा ना भिया, शरम मत कर," काका म्हणाले. मुलगी असो की मुलगा, ते सगळ्यांनाच भिया म्हणायचे. "कोकणात पोह्यांवर नारळ घालतात, इथे शेव घालतात. दोन्ही ठीक आहे. पण शेव जादा ठीक आहे." मावशी आतून ओरडली, "अहो, तिला जेवू द्या, भाषण मत द्या." त्यांचं मराठी ऐकून मला पहिले काही दिवस वाटायचं की ही माणसं गंमत करताहेत. मग माझ्याही तोंडात 'भोत' आणि 'मत' बसले. आईला फोनवर एकदा "टेन्शन मत घे" म्हणाले, तर ती बराच वेळ हसत राहिली.

मी दिवाळीनंतर पोचले होते, म्हणजे प्रवेश जूनमध्येच. तोवर कसं वागायचं ते मला कळेना. मावशी मला काही काम सांगायची नाही, म्हणून मीच सगळं करायचे. भांडी घासायचे, अंगण दोनदा झाडायचे, कोणी उठायच्या आत पाणी भरायचे. मावशी चिडायची. "तू पाहुणी नाहीस आणि नोकर पण नाहीस. बस ना एका जागी!" मला बसता यायचं नाही. फुकटचं प्रेम घेताना माणूस हिशेबाबाहेर घाबरतो, विशेषतः त्या प्रेमाच्या तळाशी आपण काय ठेवलंय ते त्याला ठाऊक असताना. संक्रांतीच्या सुमारास मावशीने पहिल्यांदा विचारलं, "वैजू, तुझी मार्कशीट कुठंय? अकरावीच्या शाळेत दाखवून ठेवते." मी म्हटलं, आई पाठवतेय. होळीला तिने परत विचारलं. मी म्हटलं, पाठवली असेल. त्यानंतर मावशीने आमच्या पोस्टमनला धारेवर धरलं. तो बिचारा सायकल उभी करून शपथा घ्यायचा, "माताजी, आती तो दे देता, मैं क्या मार्कशीट का अचार डालूँगा?" आणि मी दाराआड उभी राहून त्याची मनातल्या मनात माफी मागायचे.

या सगळ्यात गुरुवारचा तो एक तास मात्र माझा होता. मावशीच्या मुलाच्या ऑफिसात कोणी चिनी सहकारी होता. त्याचा भाऊ, लिन सर, तिकडे हा संध्याकाळचा वर्ग चालवायचा. शिंपी, दुकानदार, बंदरावर काम करणारे, एकदोन कॉलेजची मुलं असे सगळे त्यात होते. पुस्तकातलं इंग्रजी त्यांना यायचं, पण बोलायला जीभ उचलायची नाही. त्यांच्याशी आठवड्यातून एकदा कोणी गप्पा माराव्यात असं लिन सरांना हवं होतं. मावशीने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं, "पुस्तकातला टॉम बाजारात जातो, त्यात यांना काय आणि मला काय? मी माझ्या घरातलं सांगते, ते त्यांच्या घरातलं सांगतील." दर गुरुवारी घरातली एक वस्तू कॅमेऱ्यासमोर यायची आणि तिची गोष्ट सांगितली जायची. गोष्ट संपली की समोरचे पाच प्रश्न विचारणार. उत्तर ज्याची वस्तू त्यानेच द्यायचं, मोडकंतोडकं चालेल, पण खरं. मावशी हे फार कडक पाळायची. एकदा तिने लग्नातली चांदीची वाटी दाखवली. कोणी विचारलं, त्यावर पोचा कसला? मावशीने सरळ सांगितलं की आपणच एकदा ती नवऱ्याला फेकून मारली होती. चीनमध्ये हशा पिकला. आतल्या खोलीतून काका म्हणाले, "लागली नव्हती, ते पण सांग!"

आणि प्रत्येक गोष्टीनंतर लिन सर त्यातली दोनचार वाक्यं सुधारून फळ्यावर लिहायचे आणि अख्खा वर्ग ती तीन-तीनदा एका सुरात म्हणायचा. 'शी थ्रू द बोल ॲट हर हजबंड.' अकरा आवाज, तीन वेळा. मी स्वयंपाकघरात कणीक तिंबत असायचे आणि त्या तालावर माझे हात चालायचे. शाळेत ज्या इंग्रजीने मला रडवलं होतं ते असं गात-गात कानात येऊन बसलं आणि मला पत्ताही लागला नाही.

त्या लोकांची नावं मजेशीर होती. वर्गात प्रत्येकाने स्वतःला एक इंग्रजी नाव घ्यायचं अशी त्यांची पद्धत. कॉलेजच्या एका मुलीचं नाव ॲपल. कायम टोपी घालणाऱ्या एका मुलाचं नाव सेव्हन. आणि पन्नाशीच्या, कपड्यांच्या कारखान्यात शिवणाऱ्या एका बाईंचं नाव संडे. संडेच का, असं मावशीने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, कारखान्याला रविवारी सुट्टी असते, मला रविवार आवडतो. संडेबाईंची मुलगी परदेशात होती आणि तिथल्या नातीला फक्त इंग्रजी यायचं. नातीशी बोलता यावं म्हणून ही बाई दिवसभर मशीन चालवून संध्याकाळी बाकावर येऊन बसायची. ॲपलने एकदा सांगितलं की त्यांच्याकडे कोळ्यांच्या घरी ताटातला मासा एका बाजूने खाऊन झाला की उलटा करत नाहीत. उलटा केला तर होडी उलटते. मी कणकेच्या हातानेच दारात येऊन उभी राहिले. माझे वडील होडीवर जायचे. असा मासा न उलटणाऱ्या लोकांशी आपलं काही तरी नातं असलंच पाहिजे असं मला वाटलं. मावशीनेही त्यांना आपल्याकडचं एक शिकवलं होतं. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, कारण परत यायचं असतं. तेव्हापासून वर्ग संपताना चीनमधून अकराजण ओरडायचे, "येतो!" बायकासुद्धा 'येतो'च म्हणायच्या. मावशीने ते कधी दुरुस्त केलं नाही.

माझी वर्गातली जागा ठरली ती पुरणपोळीमुळे. मावशीला गोष्ट सांगता-सांगता पोळी लाटता येईना. म्हणून तिने कॅमेरा खाली वळवला आणि मला म्हणाली, "तू लाट, मी बोलते." कॅमेऱ्यात फक्त माझे हात आले. पुढच्या गुरुवारी संडेबाईंनी विचारलं, ते हात आज नाहीत का? मग ते चालूच झालं. गजरा ओवणारे हात, वाती वळणारे हात, काकांच्या सदऱ्याचं बटण लावणारे हात. चीनमध्ये मला 'मिस हँड्स' म्हणू लागले. मला ते फार सोयीचं होतं. हातांना कोणी विचारत नाही कितवी झाली म्हणून.

मे महिन्यातला तो गुरुवार. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि कूलर बंद केल्यामुळे खोलीची भट्टी झाली होती. काका सकाळी देवळात जाऊन आले होते आणि तिथे मिळालेला नारळ ओट्यावर ठेवला होता. मावशी तो नारळ बघून म्हणाली, "वैजू, आज तुझी वस्तू. तुझी ती विळी आण ना. यांनी खोबरं खवताना कधी बघितलं नसेल." मी म्हटलं, मावशी, तुम्हीच सांगा, मी नुसती खवते. "वा! वस्तू तुझी आणि गोष्ट माझी? रूल म्हणजे रूल." काका वर्तमानपत्राआडून म्हणाले, "जा भिया जा, चायना वाट पाहतोय." मी विळी आणली. दाखला लुगड्यातच राहू दिला. जमिनीवर बसले, पाय दुमडला. मावशीने दोन डिक्शनऱ्यांवरचा कॅमेरा उचलून खाली स्टुलावर ठेवला आणि माझ्या हातांवर धरला.

खवणं सोपं होतं. नारळाची वाटी चाकावर फिरू लागली, पांढरा कीस परातीत पडू लागला, आणि चीनमधून 'ओ' असा आवाज आला. मी जमेल तशी गोष्ट सांगितली: हे आमच्याकडचं आहे, आमच्याकडे समुद्र आहे, खूप नारळ आहेत, इथे नारळ फक्त देवाला मिळतो. पुढे प्रश्न सुरू झाले. ॲपलने विचारलं, हात कापतो का? मी अंगठ्यावरची खूण दाखवली. सेव्हनने विचारलं, रोज किती नारळ? एक, मी म्हटलं. कोणी तरी विचारलं, कोणी दिली? आईने. मग संडेबाई पुढे सरकल्या. स्क्रीनवर त्यांचा चेहरा मोठा झाला. त्यांचा प्रश्न चौथा होता. त्यांनी विचारलं, आईने हे तुला दिलं तेव्हा तू किती वर्षांची होतीस?

खरं तर इथे मी काहीही सांगू शकले असते. मावशी शेजारी खुर्चीत होती, तिला काय कळणार होतं? पण त्या प्रश्नाबरोबर मला ती सकाळ दिसली. पहिल्यांदा आई कारखान्यात निघाली, विळी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, आजपासून तू. दप्तर खुंटीला होतं. मी म्हटलं, "फोर्टीन." संडेबाईंनी मान हलवली आणि पाचवा प्रश्नही त्यांनीच विचारून टाकला. अगदी हळू, नातीला विचारावं तसा. "अँड देन, स्कूल?"

मराठीत मला ते कधीच सांगता आलं नसतं. मराठीत आई होती, पोस्टमन होता, मावशीचे उपकार होते, सहा-सात महिन्यांचं खोटं होतं. इंग्रजीत माझ्याकडे मोजून पंधरा-वीस शब्द होते आणि त्यातला एकही खोटं बोलायला पुरेसा नव्हता. मी खवत राहिले आणि म्हटलं, "नो स्कूल. आय स्टॉप. क्लास नाइन. टेन, नो."

मला वाटलं कनेक्शन गेलं. गेलं नव्हतं. लिन सर पाठमोरे होऊन फळ्यावर लिहीत होते. खडूचा आवाज मला ऐकू येत होता. मग ते बाजूला झाले, त्यांनी पट्टी उचलली आणि दर गुरुवारी होतं तेच झालं. 'शी लेफ्ट स्कूल इन क्लास नाइन.' अकरा आवाज. पुन्हा. पुन्हा. 'शी डिड नॉट फिनिश क्लास टेन.' पुन्हा. पुन्हा. सगळी माणसं मन लावून, माना हलवत, माझं गुपित घोकत होती. काकांचं वर्तमानपत्र खाली आलं होतं. मावशीचे पाय मला दिसत होते. ते हलले नाहीत. वर्ग संपला, चीनमधून "येतो!" झालं, आणि मावशीने कॉम्प्युटर बंद केला. जाताना तिने कूलर लावला. त्याच्या आवाजात कोणाला काही बोलावं लागलं नाही.

मावशी मनाने मोठी होती, पण म्हणून तिला राग येत नव्हता असं नाही. संध्याकाळी तिने एवढंच विचारलं, "त्या पोस्टमनला मी सगळ्या गल्लीसमोर बोलले. ते कोण परत घेणार?" मी रडायला लागले तर म्हणाली, "रडून मला फसवू नकोस आता." आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पण ताटाकडे बघून. मी पिशवी भरून खाटेखाली ठेवली. पोस्टमन आला तेव्हा मावशी स्वतः फाटकापर्यंत गेली आणि त्याला थंड पाण्याचा तांब्या आणि आंब्याच्या बर्फीचे दोन तुकडे देऊन आली. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. आईला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "येवचा तर ये. वाट बघतंय." या एका वाक्याने मला जेवढी भीती वाटली तेवढी मावशीच्या अबोल्यानेही वाटली नव्हती. मला परत जायचं नव्हतं. समुद्राकाठचं, होडीवाल्यांचं ते माझं घर मला आवडायचं, पण तिथे माझ्यासाठी एक विळी आणि एक चूल एवढंच ठेवलेलं होतं. काका मधल्या मध्ये भरडले जात होते. मला म्हणायचे, "तुझी मावशी ना, कुकर आहे. शिटी झाल्याशिवाय उघडत नाही. जबरदस्ती मत कर." आणि मावशीला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणायचे, "मी स्वतः मॅट्रिकला दोनदा बसलोय, मला कोणी घराबाहेर काढलं नाही!" "काढायला पाहिजे होतं," आतून उत्तर यायचं.

पुढचा गुरुवार आला. मी स्वयंपाकघराचं दार लोटून आत बसले. वर्ग सुरू होताना मागच्या आठवड्याची वाक्यं एकदा म्हणायची अशीही त्यांची पद्धत, हे मी विसरले होते. पुन्हा अकरा आवाज, पुन्हा तेच. मी कानात बोटं घातली. त्या दिवशी वस्तू आणायची पाळी चीनची होती आणि संडेबाई उठल्या. दाराच्या फटीतून मला त्यांच्या हातातलं दिसलं. कपड्याला खुणा करायचा शिंप्याचा खडू, घासून चपटा झालेला. त्यांनी सांगितलं की त्या बारा वर्षांच्या असताना त्यांच्या आईने हा हातात दिला. त्यानंतर शाळा नाही. हा खडू मी चाळीस वर्षांत कोणाला दाखवला नव्हता, मिस हँड्सने विळी दाखवली म्हणून आज आणला. आणि त्या मावशीला म्हणाल्या, आज मला एकच प्रश्न विचारायचा आहे, पण माझ्या वस्तूबद्दल नाही. मिस हँड्स आता कुठल्या वर्गात आहे?

मी दाराशी गोठून उभी. मावशीची पाठ मला दिसत होती. या वर्गात तिने कधी खोटं सांगितलं नव्हतं, नवऱ्याला वाटी फेकून मारलेलीसुद्धा लपवली नव्हती. आणि खरं उत्तर होतं, कुठल्याच नाही. अंगणात चिमण्या ओरडत होत्या. मग तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि म्हणाली, "शी इज इन क्लास नाइन."

लिन सरांनी ते फळ्यावर लिहिलं. अकरा आवाजांनी ते तीन वेळा म्हटलं. संडेबाईंचा आवाज सगळ्यांत वर होता. "हो गया भिया," काका आतून म्हणाले, "अब तो पूरे चायना को मालूम है." मावशीने मागे न बघता हात लांब केला आणि बोटांनी मला बोलावलं. मी जाऊन उभी राहिले. तिने कॅमेरा वर उचलला, हातांवरून वर, माझ्या तोंडावर. मला लगेच मान खाली घालावीशी वाटली. पण समोर अकरा माणसं इतक्या आनंदाने हात हलवत होती की मान खाली घालणं उद्धटपणाचं झालं असतं.

वर्ग संपल्यावर मावशी म्हणाली, "मी वर्गात खोटं बोलत नाही. आता उद्या जाऊन ते खरं करून यायला लागेल. शाळा सोडल्याचा दाखला तरी आहे, की तो पण पोस्टात?" मी आत जाऊन लुगडं उलगडलं आणि दाखला आणून दिला. तिने तो उजेडात धरला. "इतके महिने कुठे होता हा?" मी म्हटलं, विळीखाली. ती हसली नाही, पण दाखल्याची घडी तिने नखाने दाबून-दाबून सरळ केली. दुसऱ्या दिवशी जिलेबी थंड व्हायच्या आत आम्ही निघालो. मराठी शाळेच्या मोठ्या बाई मावशीच्या हाताखाली शिकलेल्या निघाल्या. माझं वय ऐकून त्या "पण बाई..." एवढंच म्हणाल्या आणि मावशीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. जूनमध्ये मी माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान मुलींच्या शेजारी बाकावर बसले. त्या मला पहिले काही दिवस मॅडम समजून उभ्या राहायच्या.

इथे मी दहावी, बारावी, पदवी असं काही लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण मावशीचा रूल या पानांनाही लागू आहे. नववी मी चांगल्या मार्कांनी झाले. दहावीचं गणित मला दोनदा 'नको' म्हणालं, तिसऱ्यांदा मीच त्याला 'नको' म्हटलं. मावशी चिडली, मग विसरली. मी इंदूरलाच राहिले, इथलीच झाले. लिन सरांचा वर्ग पुढे केव्हा तरी बंद पडला. संडेबाई नातीकडे गेल्या एवढं कळलं होतं. तिच्याशी काय बोलल्या असतील, याचा विचार नारळ खवताना अजून कधीकधी मनात येतो. आता मावशी नाही, काकाही नाहीत. बँकेत, दवाखान्यात, मुलीच्या शाळेत फॉर्म भरताना शिक्षणाचा रकाना येतो. पूर्वी तो रकाना दुरून दिसला तरी माझ्या तळहाताला घाम फुटायचा. अजूनही थोडा फुटतो, खोटं कशाला सांगू. मग मी पेन उचलते आणि तिथे सावकाश, ठळक अक्षरात लिहिते: नववी पास.